'मी' सांगणार की 'ती'?

बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत कथाकथन ऐका. 'मी'नं सुरू झालेली कथा श्रोता लगेच धरतो. आपल्याकडच्या नव्या लेखकांना प्रथमपुरुषी निवेदनाचा मोह पडतो तो त्यामुळेच असावा.

समजा, कथा निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या बाईची आहे. ''सांजच्याला घरी गेलो, दोनदा हात धुतलो, तरी वास जाईना. पोरगं जवळच येईना.'' बोली, थकवा, राग सगळं दोन ओळींत आलं. (आमच्याकडच्या बायका 'गेलो'च म्हणतात, कुणी तिथं 'गेले' करू लागलं तर ऐकू नका.) अडचण पुढं येते. मुकादमाच्या मनात काय चाललंय ते तिला कळणार नाही, आणि तिला न शोभणारी एकही उपमा तुम्हाला वापरता येणार नाही.

आता तीच कथा 'ती'नं सांगून बघा. ''तिनं पुन्हा हात धुतले. पोरगं उंबऱ्यातूनच बघत राहिलं.'' इथं ऊब कमी झाली, पण ती बाई बाहेरून दिसू लागली. हवं तर पोराच्या मनातही शिरता येतं. मात्र तृतीयपुरुषात लेखक हळूच व्याख्यानाला उभा राहतो: 1956 ची राज्य पुनर्रचना, सीमालढा, सगळं दोन पानं. 'मी' असता तर त्या बाईनंच त्याला गप्प केलं असतं.

एका दिवसाची, एकाच माणसाची कथा असेल तर मी डोळे झाकून 'मी' घेईन. दोन पिढ्या आल्या की 'ती'च बरी. ठरत नसेल तर पहिलं पान दोन्हीत लिहून मोठ्यानं वाचा.