मेलमध्ये काय लिहाल: सॉरी, रिग्रेट की अपॉलॉजाइज?

माल उशिरा पोचला, ग्राहक चिडलाय, आणि इंग्रजीत मेल लिहायचाय. शब्द कुठला घ्यायचा?

'सॉरी' सगळीकडे खपतो, चूक आपली असो वा नसो. कुणाच्या घरी कोणी वारलं तर 'सॉरी फॉर युअर लॉस' म्हणतात. तिथे 'आय अपॉलॉजाइज' लिहिलंत, तर तो माणूस तुमच्यामुळेच गेला असं वाटेल! कारण 'अपॉलॉजाइज' म्हणजे चुकीची कबुली. 'रिग्रेट'मध्ये फक्त वाईट वाटणं आहे. चूक कुणाची, ते गुलदस्त्यात.

राज्यकर्ते हा फरक पुरेपूर वापरतात. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या शताब्दीच्या तोंडावर, एप्रिल २०१९ मध्ये, तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे संसदेत 'डीपली रिग्रेट' म्हणाल्या, 'अपॉलॉजाइज' नाही. विरोधी पक्षनेते कॉर्बिन यांनी तिथेच स्पष्ट माफीची मागणी केली. उलट १९१४ मध्ये कामागाटा मारू जहाजावरच्या भारतीयांना परत पाठवल्याबद्दल कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी २०१६ मध्ये तिथल्या संसदेत चक्क 'अपॉलॉजी' दिली. आणि २००१ चा किस्सा तर भारीच. अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली, चिनी वैमानिक गेला, अमेरिकेचे २४ जण चीनच्या हैनान बेटावर अडकले. सुटकेसाठी दिलेल्या पत्रात अमेरिकेने 'व्हेरी सॉरी' दोनदा लिहिलं, 'अपॉलॉजाइज' एकदाही नाही. मोघम 'सॉरी'वर दोघांचंही भागलं.

आता तुमचा मेल. चूक तुमचीच असेल तर 'वुई अपॉलॉजाइज फॉर द डिले' लिहा आणि माल कधी पोचेल ते लगेच पुढच्या वाक्यात सांगा. पावसाने रस्ता बंद पडला असेल तर 'रिग्रेट' रास्त. मात्र रेल्वेच्या घोषणेतलं 'इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड' उचलू नका. गैरसोय कुणी केली, खेद कुणाला, वाक्यात कर्ताच नाही! शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला नुसतं 'सॉरी' पुरे. त्याला 'अपॉलॉजाइज' लिहिलं तर तो घाबरेल.

'रिग्रेट' घेतलाच तर पुढचं क्रियापद सांभाळा. 'आय रिग्रेट टु टेल यू' म्हणजे वाईट बातमी सांगतोय. 'आय रिग्रेट टेलिंग यू' म्हणजे तुम्हाला उगाच सांगून बसलो.