‘स्टिफ’ आणि ‘रिजिड’ : ताठपणाच्या दोन छटा

‘स्टिफ’ आणि ‘रिजिड’ या दोन्ही इंग्रजी शब्दांना ‘ताठ’ किंवा ‘कडक’ असे प्रतिशब्द दिले जात असले, तरी ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. ‘स्टिफ’ वस्तू वाकते, मात्र तिच्यावर जोर लावावा लागतो. जाड पुठ्ठा किंवा अवघडलेली मान ‘स्टिफ’ असते. ‘रिजिड’मध्ये वाकणे जवळजवळ गृहीतच नाही, आणि बळजबरी केल्यास अशी वस्तू बहुधा तुटते. भौतिकशास्त्राने हा भेद नेमका टिपला आहे : ‘स्टिफनेस’ ही न्यूटन प्रति मीटर या एककात मोजता येणारी राशी आहे, तर ‘रिजिड बॉडी’ म्हणजे जिच्यातील कोणत्याही दोन कणांमधील अंतर कधीच बदलत नाही अशी केवळ कल्पिलेली वस्तू.

लाक्षणिक अर्थाने दोघांच्या वाटा आणखी वेगळ्या होतात. चुरशीची स्पर्धा किंवा जबर शिक्षा ‘स्टिफ’ असते. अपवाद न मानणारे नियम मात्र ‘रिजिड’ ठरतात. माणसांबाबत हा फरक मला सर्वांत बोलका वाटतो, कारण ‘स्टिफ’ माणूस वागण्यात अवघडलेला असतो, तर ‘रिजिड’ माणूस मतांनी ताठर असतो, मग त्याचे वागणे कितीही मोकळे का असेना.