नव्या नेमबाजाच्या खांद्यासाठी रबरी रिकॉइल पॅड : चार महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

रायफलच्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर, मोज्यासारखे चढवायचे, आत जेलचा थर असलेले एक रबरी रिकॉइल पॅड (गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का सौम्य करणारी गादी) मी गेल्या नोव्हेंबरात घेतले आणि फेब्रुवारी संपेपर्यंत नागपूरजवळच्या आमच्या क्लबच्या रेंजवर जवळजवळ दर रविवारी वापरले. नव्या सभासदांच्या हाती पहिल्यांदा मोठ्या बोअरची, म्हणजे नळीचा आतला व्यास जास्त असलेली, रायफल देण्याचे काम क्लबने माझ्याकडे सोपवलेले आहे. पहिल्या पाच गोळ्यांत खांदा दुखावला, तर तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की या पॅडकडे मी केवळ एक वस्तू म्हणून पाहू शकत नाही. स्क्रूने कायमचे बसवायचे पॅड अधिक चांगले असते, हे मला मान्य आहे. पण रायफल क्लबची असल्यामुळे तिच्या लाकडाला भोके पाडता येत नाहीत आणि दर अर्ध्या तासाने नेमबाज बदलतो, म्हणून चढवता-उतरवता येणारा प्रकार निवडला.

आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलने किंवा फार तर .२२ बोअरच्या रायफलने होते (हे आकडे इंचांतले), आणि तिथून एकदम ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ बोअरची रायफल खांद्याला लागते. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते, तर .३१५ ची सुमारे १५.८ ग्रॅमची, शिवाय बारूदाचा भार कितीतरी पट, आणि नळीतून वेगाने बाहेर पडणारा वायूही रायफलला मागे ढकलतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आकड्यांत सांगायचे तर साडेतीन किलोच्या आसपासची .३०-०६ ही दुसरी एक मोठ्या बोअरची रायफल एका गोळीमागे सुमारे २४ ज्यूल ऊर्जेने मागे येते, आणि .२२ चा हाच आकडा अर्ध्या ज्यूलपर्यंतही पोहोचत नाही. एवढी मोठी उडी शिकाऊ माणसाला कोणतीही तयारी न करता घ्यायला लावणे हे मला चुकीचे वाटते. २०१६ च्या शस्त्र नियमांपासून परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. पण शस्त्र सुरक्षितपणे हाताळणे वेगळे आणि त्याचा धक्का अंगावर घेणे वेगळे.

पॅड नेमके काय करते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण दुकानात 'धक्का निम्मा होतो' असे सांगून ते विकले जाते. रायफलला मिळालेला संवेग पॅडमुळे तसूभरही घटत नाही. दाबल्या जाणाऱ्या रबरामुळे तो धक्का थोड्या अधिक वेळात आणि थोड्या अधिक जागेवर पसरतो, त्यामुळे धातूच्या कडक पट्टीचा ठोसा न बसता एक जोरदार ढकल बसते. आमच्या रायफलीच्या दस्त्याला मागे आडव्या खाचांची पट्टी आहे. पॅड नसताना पाच गोळ्या झाल्यावर त्या खाचा खांद्याच्या कातडीवर मोजता येतील इतक्या स्पष्ट उमटतात. पॅड चढवल्यावर त्या जागी नुसती लाली येते आणि अर्ध्या तासात तीही जाते. या मुख्य कामात हे पॅड पूर्ण गुणांना पात्र आहे.

असे असूनही सुरुवातीच्या एका रविवारी ते फसले, आणि फसले ते माझ्याच भाचीच्या बाबतीत. ती क्लबची सभासद आहे, उंची जेमतेम पाच फूट, .२२ वर हात चांगला बसलेला. पॅड लावून तिने पाच गोळ्या मारल्या आणि रायफल रिकामी करून खाली ठेवताच म्हणाली, "मामा, खांदा नाही, दंड दुखून राहिला." बाही वर करून पाहिले तर खांद्याच्या खळगीत काहीच नव्हते, खाली दंडाच्या स्नायूवर मात्र लिंबाएवढा निळा डाग उमटू लागला होता.

चूक पॅडची नव्हती, माझी होती. हे पॅड जवळजवळ अडीच सेंटिमीटर जाड आहे. दस्त्याच्या मागच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतचे अंतर कारखान्यातून साधारण ३४ सेंटिमीटर येते, जे सरासरी उंचीच्या पुरुषाला बेताचे होते. त्यात पॅडचे अडीच सेंटिमीटर मिळवले की लहान चणीच्या माणसाचा हात ताणला जातो, रायफलचा भार पुढे झुकतो, पाठ मागे कलते आणि दस्ता खांद्याच्या खळगीतून सरकून दंडावर येतो. त्यातच डिसेंबरची सकाळ, नागपुरात पारा दहाच्या खाली, आणि अंगात जाड स्वेटर. म्हणजे आणखी अर्धा-पाऊण सेंटिमीटर वाढला. ज्याला धक्क्यापासून सर्वांत जास्त जपायचे, त्याच माणसाला असे पॅड सर्वांत कमी जुळते. हे पॅडच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेले असायला हवे होते. तिथे फक्त जाडी लिहिली आहे, तीही बारीक टायपात.

क्लबच्या अडगळीत याच जातीच्या रायफलीचा एक जुना लाकडी दस्ता पडून होता. क्लबच्या संमतीने आमच्या परवानाधारक कारागिराकडून तो तीन सेंटिमीटर कापून घेतला, रायफलीवर बसवला आणि त्यावर हेच पॅड चढवले. पुढच्या खेपेला रायफल रिकामी असल्याची खात्री करून भाचीचा कोपर काटकोनात वाकवला आणि दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवले, तेव्हा तिच्या तर्जनीचे पहिले पेर बरोबर ट्रिगरवर आले. ही जुनी तपासणी ढोबळ आहे. पण नवशिक्याचे माप घ्यायला तेवढी पुरते. त्या दिवशी तिने बारा गोळ्या मारल्या, कुठेही डाग उमटला नाही, आणि शेवटच्या पाच गोळ्या ५० मीटरवर तळहाताएवढ्या जागेत बसल्या. दुर्बीण लावलेल्या रायफलीवर पॅड चढवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दस्त्याची लांबी बदलली की डोळा आणि दुर्बीण यांतले अंतरही बदलते. ते पुन्हा जुळवून घेतले नाही, तर मान पुढे काढून नेम धरण्याची सवय लागते आणि एखाद्या दिवशी दुर्बिणीची कड भुवईवर आदळते.

या चार महिन्यांतला सर्वांत महत्त्वाचा अनुभव मात्र पॅडच्या बाहेरचा आहे. पॅड लावूनही काही जण ट्रिगर दाबण्याच्या क्षणी दचकत होते आणि त्यांच्या गोळ्या सतत खाली जात होत्या. अशा वेळी मी त्यांच्या नकळत काडतुसांमध्ये एखादे बारूद नसलेले डमी काडतूस मिसळतो. डमीवर ट्रिगर दाबला की फक्त 'टक्' असा आवाज येतो, धक्का मुळीच नसतो. पण नळीचे टोक चार बोटे खाली झुकते, डावा खांदा आकसतो आणि डोळे घट्ट मिटतात. ते पाहिल्यावर त्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दचकणे हे बरेचसे आवाजामुळे असते. मोठ्या बोअरच्या रायफलीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १६० डेसिबलच्या आसपास जातो, १४० च्या वर कानाला तत्काळ इजा होऊ शकते, आणि आमच्या फायरिंग पॉइंटवर पत्र्याचे छप्पर असल्याने तो आवाज वरून पुन्हा अंगावर येतो. कानात फोमचे बोळे आणि त्यावर इअरमफ, अशी दुहेरी व्यवस्था मी जानेवारीपासून सक्तीची केली. एका तरुणाने त्यानंतर मला विचारले की आज काडतुसे हलकी आहेत का. काडतुसे त्याच डब्यातली होती. म्हणून ज्याच्याकडे पैसे मोजकेच आहेत, त्याने आधी चांगले इअरमफ घ्यावेत आणि पॅड पुढच्या महिन्यात घ्यावे, असे मी स्पष्टपणे सांगतो.

आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, ज्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता. त्यांच्यासाठी पॅड एकटे पुरले नाही. पालथे झोपून नेम धरताना सगळे शरीर रायफलीच्या रेषेत मागे असते, मागे झुलायला जागा नसते, आणि दस्ता जरा आत सरकला तर धक्का थेट गळ्याच्या हाडावर बसतो. त्यांना उभे राहून, डावा पाय पुढे आणि अंगाचा भार किंचित पुढे ठेवून मारायला लावले. त्याशिवाय दस्त्याच्या आतल्या पोकळीत कापडात गुंडाळलेले शिशाचे छर्रे घट्ट बसवून वजन सुमारे अर्धा किलोने वाढवले. साडेतीन किलोची रायफल चार किलोची झाली की तिची मागे येण्याची ऊर्जा एक-अष्टमांशाने कमी होते. हा हिशेब साधा आहे आणि पॅडपेक्षा कमी खर्चाचा आहे, फक्त ते वजन उभ्याने पेलवले पाहिजे. दोन गोळ्यांच्या मध्ये ते रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून हात मोकळे करतात, आणि एका सकाळी आठच गोळ्या, हे आम्ही ठरवून घेतले आहे.

नळीच्या तोंडाला बसवायचा मझल ब्रेक धक्का खरोखर कमी करतो. पण वायू बाजूंना फेकत असल्यामुळे शेजारच्या नेमबाजाच्या कानांचे हाल होतात, म्हणून भरलेल्या रेंजवर आणि त्यातही नवशिक्यासाठी मी तो सुचवणार नाही.

आता खरेदीच्या अनुभवाविषयी. पहिले पॅड मी शहरातल्या एका दुकानातून नऊशे रुपयांना घेतले होते. सगळ्या रायफलींना एकच माप चालते, असे दुकानदाराने ठामपणे सांगितले. प्रत्यक्षात ते सैल बसले, प्रत्येक गोळीगणिक बोटभर वळत गेले आणि चौथ्या गोळीला त्याची कड दस्त्याबाहेर आली. बदलून द्यायला नकार मिळाला. उलट आत रद्दी भरा, असा सल्ला मिळाला. शिकाऊ माणसाच्या खांद्यावर जी वस्तू ठेवायची, तिच्या बाबतीत असा सल्ला देणे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटले. दुसरे, म्हणजे ज्याविषयी हा अभिप्राय आहे, ते मी दस्त्याच्या मागच्या टोकाची उंची आणि रुंदी मोजून, लहान-मध्यम-मोठे अशा मापांतून मागवले. किंमत जवळजवळ तिप्पट पडली, पण ते चढवायला दोन माणसे लागतील इतके घट्ट बसते. पॅडला आतून थोडी टाल्कम पावडर चोळली की काम सोपे होते.

दोन त्रुटी नोंदवतो. रबराचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने रायफल खांद्याला लावताना स्वेटरची लोकर आणि ओढणी त्यात अडकते. आम्ही वरच्या कडेला गुळगुळीत चिकटपट्टी लावली आहे. दुसरी त्रुटी हवामानाची आहे. स्वस्तातले पॅड मी गेल्या वर्षी मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळिशीत असताना, गाडीच्या डिकीत विसरलो होतो आणि आठवड्याने काढले तेव्हा ते बोटांना चिकटत होते आणि त्याचा तेलकट डाग दस्त्याच्या लाकडावर पडला. नव्या पॅडची तशी परीक्षा घेण्याची माझी इच्छा नाही. प्रत्येक सत्र संपले की ते दस्त्यावरून उतरवून, पुसून, सुती पिशवीत घालून क्लबच्या आतल्या खोलीतल्या कपाटात जाते, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : फक्त कापलेल्या दस्त्यासाठी.