बाहेरून लाल विटा, आत एअरी

वेस्ट यॉर्कशरमध्ये आम्ही घेतलेलं घर विटांचं नाही. जाहिरातीत ते विटांचं होतं, सर्व्हेयरच्या रिपोर्टात आजही विटांचंच आहे. प्रत्यक्षात ते महायुद्धानंतर कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांवर उभं केलेलं एअरी घर आहे. किंमत 1,24,000 पाउंड, सगळी रोख. नाशिकचा फ्लॅट विकला, दोघांची बचत घातली. कर्ज नको म्हणून रोखीने घेतलं आणि तिथंच विकणाऱ्यांचं फावलं, कारण बँकेच्या माणसाने घर पाहिलंच नाही. पुढे दुरुस्तीसाठी कर्ज मागायला गेलो, तेव्हा बँकेच्या व्हॅल्युअरने घराची किंमत लिहिली शून्य.

जाहिरातीत ‘रोख खरेदीदारांना प्राधान्य’ असं होतं. आम्हाला वाटलं, विकणाऱ्याला घाई असेल. तुम्ही हे शब्द वाचाल तेव्हा पहिला प्रश्न विचारा: या घरावर कोणती बँक कर्ज देते? उत्तर लेखी घ्या.

आणि ती भिंत! घर जोडघर आहे. आमचा अर्धा भाग लाल विटांचा, शेजारचा अर्धा करड्या, आडव्या काँक्रीटच्या पट्ट्यांचा. बायको तिथंच म्हणाली, “अहो, छप्पर एकच आहे, मग भिंती वेगळ्या कशा?” मी एजंटला तसंच विचारलं. तो म्हणाला, शेजाऱ्यांनी वरून क्लॅडिंग, म्हणजे आवरण, लावून घेतलंय. खरं नेमकं उलटं होतं. पट्ट्या मूळच्या, विटा नंतरच्या. तो क्षण रोज डोळ्यांसमोर येतो. सगळं उघड्यावर होतं, हाताच्या अंतरावर. पण आम्ही विचारलं होतं, आणि तो तोंडावर खोटं बोलला. ‘प्रीफॅब’, म्हणजे कारखान्यात बनवलेले भाग जोडून उभं केलेलं घर, हा शब्दही मी काढला होता. त्यावर तो हसून म्हणाला, प्रीफॅब म्हणजे ते एकमजली छोटे बंगले, दहा वर्षांपुरते बांधलेले. तसे बंगले युद्धानंतर दीड लाखाहून जास्त उभारले, हे खरंच आहे. पण दुमजली, कायमची म्हणून बांधलेली काँक्रीटची घरंही होती: एअरी, कॉर्निश युनिट, रीमा, ऑर्लिट, वूलअवे. ते त्याने सांगितलं नाही.

लोक म्हणतात, सर्व्हे करायचा होता. केला होता! 480 पाउंड मोजले. ‘पारंपरिक बांधकाम, विटांच्या भिंती’, आणि माळ्याबद्दल ‘इन्सुलेशनमुळे पाहणी मर्यादित’. आता कळतं, दर्शनी विटांपलीकडचं बरंचसं माळ्यावरच दिसतं: बाजूच्या त्रिकोणी भिंतीत दीड-दीड फुटावर बारीक काँक्रीटचे खांब. सर्व्हेयर एजंटने सुचवलेला घेऊ नका. लेव्हल 3 चाच, म्हणजे सगळ्यात सखोल, सर्व्हे करा आणि आधी लेखी विचारा, हे घर कोणत्या पद्धतीने बांधलंय?

खरी लबाडी कागदात होती. विकणाऱ्या कंपनीने ‘सर्टिफिकेट’ दिलं. आमच्या वकिलाने, 1,260 पाउंड घेऊन, ते फाइलला लावलं. ते फक्त बाहेरचं वीटकाम पूर्ण झाल्याचं होतं. लागतं ते पीआरसी (कारखान्यात ओतलेलं, लोखंड घातलेलं काँक्रीट) सर्टिफिकेट: मान्यताप्राप्त पद्धतीने खांब आणि पट्ट्या काढून नव्या भिंती बांधल्या आणि इंजिनिअरने काम तपासलं, असं सांगणारं. नुसत्या विटा लावून भार कमी होत नाही, छप्पर त्याच खांबांवर राहतं. 1984 मध्ये सरकारने कायदा करून अशी घरं सदोष ठरवली, तेही याच खांबांमुळे.

बॉयलरचा पाइप काढताना मिस्त्रीने आतला बोर्ड कापला, तेव्हा मी एक खांब पाहिला. चार इंच रुंद, जाडी त्याहून कमी, वरपासून खाली सरळ तडा. तड्यात लोखंडी नळी. युद्धातल्या गाड्यांचं भंगार या खांबांत वापरलं होतं. नखाने खरवडलं तर गंजाचे खवले निघून हातात आले. दुरुस्तीचा अंदाज 71,400 पाउंड.

मग दारोदार फिरणं. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. ग्राहक हेल्पलाइनने संदर्भ क्रमांक दिला, त्यापुढे काही नाही. कौन्सिल म्हणते, आम्ही वीटकामाला परवानगी दिली, घराच्या मजबुतीला नाही. अरे, मग परवानगी देताना आत काय आहे ते तुमच्याच दप्तरात नव्हतं का? ही घरं तुम्हीच बांधलीत! शेजारचा अर्धा भाग आजही त्यांच्याच मालकीचा, त्यांना तो एअरी आहे हे ठाऊक, पण आमच्या वकिलाच्या चौकशीला उत्तर देताना एक ओळ लिहिली नाही. 1984 च्या कायद्यातलं अनुदान मागितलं तर म्हणे ते तेव्हा सरकारकडून घर घेतलेल्यांसाठी होतं, मुदत केव्हाच संपली. एजंटविरुद्धच्या तक्रारीवर आठ आठवडे थांबायला सांगितलं, मग उत्तर आलं की तोंडी बोललेल्याचा पुरावा द्या. सर्व्हेयरची फर्म ‘पाहणी मर्यादित’ हे दोन शब्द पुढे करते. विकणारी कंपनी नोंदणीतून बाद झालीय. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि प्रत्येकाची फी आमच्याकडून गेलीय.

एजंटशी फोनवर बोललात तर त्याच संध्याकाळी ईमेल करा: ‘तुम्ही असं असं सांगितलंत, बरोबर ना?’ सर्टिफिकेट दाखवलं तर त्यावर पीआरसी दुरुस्तीचा उल्लेख आणि इंजिनिअरची सही शोधा. शेजारच्या घराची बेल वाजवा. आमच्या शेजारच्या आजींनी एका वाक्यात सांगितलं असतं, त्या तिथं लहानपणापासून राहतात.

आता त्याच वस्तीत, त्याच एजंटची आणखी एक पाटी लागलीय. जोडघर, एका बाजूला नव्या विटा, दुसऱ्या बाजूला करड्या पट्ट्या, आणि जाहिरातीत पुन्हा ‘रोख खरेदीदारांना प्राधान्य’. लीड्सच्या आसपास घर शोधणाऱ्या कुणी ते पाहायची वेळ घेतली असेल, तर आधी मला विचारा. मी खांबाचे फोटो पाठवतो.