रेडीमेड ऑप्टिकल ट्वीझर मशीन घ्यावं का? (रॅड५१, रेकए या डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रोटीनवर काम करणाऱ्यांसाठी)

आधीच सांगते, कंपनीचं नाव देणार नाहीये, मशीनबद्दल लिहितेय. ट्वीझर (लेझरने बारीक मणी, म्हणजे बीड, पकडणारा चिमटा), कॉन्फोकल (चमकणारं प्रोटीन दाखवणारा मायक्रोस्कोप) आणि फ्लो सेल (ज्यातून द्रावणं वाहतात तो भाग) सगळं एकत्र बसवून येतं, आपण आरसे अलाइन करत बसायचं नाही, फिजिक्सवाला पोस्टडॉक नसलेल्या आमच्यासारख्या लॅबला हे फारच मोठं सुख.

पण पैसा वसूल होतो तो लेझरमुळे नाही, फ्लो सेलमुळे. चॅनेल शेजारी शेजारी वाहतात, मध्ये भिंत नाही तरी मिसळत नाहीत, त्यामुळे एका चॅनेलमध्ये दोन बीड पकडायचे, पुढच्यात त्यांच्यामध्ये लॅम्डा डीएनए (एका विषाणूचा, ४८,५०२ बेस पेअर, साधारण १६ मायक्रॉन) अडकवायचा, मग नुसत्या बफरमध्ये नेऊन ताणून बघायचा. ६५ पिकोन्यूटनच्या आसपास तो अचानक लांब होतो, त्याच्या दुप्पट फोर्स लागला तर समजायचं दोन डीएनए अडकलेत, सोडा आणि परत पकडा. नंतर तोच रेणू चमकणारं लेबल लावलेल्या रॅड५१ च्या चॅनेलमध्ये थोडा वेळ बुडवून परत साध्या बफरमध्ये आणला की मागचा (न चिकटलेल्या प्रोटीनचा) उजेड गायब आणि चिकटलेलं प्रोटीनच तेवढं चमकतं. फिलामेंट (डीएनएवर बसलेली रॅड५१ ची माळ) पूर्ण भरली की डीएनए जवळजवळ दीडपट लांब होतो, जेलवर हे दिसणारच नाही, तिथे सगळ्या रेणूंची सरासरी मिळते. ताण वाढवला की रॅड५१ सुटायचं थांबतं हे (२००९ सालचं जुनंच निरीक्षण आहे) स्वतःच्या स्क्रीनवर बघताना मात्र भारी वाटतं. एक लक्षात ठेवा, कॅल्शियम घातलंत तर एटीपी (प्रोटीनचं इंधन) तुटत नाही आणि फिलामेंट तशीच बसून राहते, सुटताना बघायचं असेल तर मॅग्नेशियमच हवं.

आता रडगाणं. एका वेळी एकच रेणू, म्हणजे आकडेवारी जमवायला आठवडेच्या आठवडे, शेकडो डीएनए एकदम हवे असतील तर डीएनए कर्टन (पडद्यासारखे ओळीने लावलेले डीएनए) बरं. लाइनमध्ये हवेचा एक बुडबुडा आला की हातातला रेणू गेला. सॉफ्टवेअर ठीकठाक, कायमोग्राफचं (प्रोटीन केव्हा डीएनएवर कुठे होतं ते दाखवणाऱ्या चित्राचं) अ‍ॅनालिसिस शेवटी पायथॉनमध्येच करावं लागतं. आणि किंमत! एकट्या लॅबने घेऊ नका, दोन-तीन ग्रुपने मिळून घ्या किंवा संस्थेच्या फॅसिलिटीत बसवून घ्या.

माझ्याकडून पाचात चार. तुमचं लेबल लावलेलं प्रोटीन अजून धड काम करत नसेल तर मात्र आत्ता घेऊच नका, आधी ते नीट करा. आणि रोज काम संपलं की लाइन ब्लीचने धुवा, नंतर थायोसल्फेट आणि भरपूर पाणी, नाहीतर उरलेलं ब्लीच उद्याचं प्रोटीन खाईल.