‘३०एक्स’ लिहिलेलं घडीचं भिंग: दीड महिना वापरून

भोरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सप्टेंबर उलटला की संध्याकाळी ट्यूबखाली पोपटी रंगाचे बारीक किडे उतरतात आणि नेमके मशीनच्या काचेवर बसतात. झाकण दाबलं की चिरडतात. मग सातबाऱ्याच्या प्रतीवर नको तिथे टिंब उमटतं. गेल्या साली एका आजोबांच्या उताऱ्यात क्षेत्राच्या रकान्यात दोन दशांश चिन्हं आली. जमीन गुंठ्यात की एकरात, यावरून त्यांनी मला गिऱ्हाइकांसमोर पाव तास धारेवर धरलं. यंदा ठरवलं, हा टिंबवाला आहे तरी कोण ते बघायचंच. म्हणून हे भिंग ऑनलाइन मागवलं, ३१० रुपयांना.

सराफ डोळ्याला लावतात तसलं आहे. स्टीलचं कवच, त्यातून बाहेर फिरणारी काच, वर कोरलेलं ‘३०एक्स–२१एमएम’, म्हणजे तीस पट मोठं दाखवणारी, २१ मिलिमीटर रुंद काच. सोबत रेक्झिनचं पाकीट. हातात घेतल्यावर वजन बरं लागतं, काच स्वच्छ आहे, कडेला थोडे निळे-पिवळे रंग फुटतात, पण मधला भाग लख्ख.

आता ते तीस पटींचं. अकरावीतला प्रयोग आठवत असेल तर घरीच तपासता येतं. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभं राहायचं, भिंतीवर कोरा कागद धरायचा आणि भिंग पुढे-मागे करत बाहेरच्या झाडाचं उलटं चित्र कागदावर ठळक पाडायचं. मग काचेपासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. माझं आलं २६ मिलिमीटर. साध्या डोळ्याने नीट दिसायला वस्तू २५० मिलिमीटरवर धरलेली मानतात; त्या २५० ला या अंतराने भागलं की किती पट ते कळतं, म्हणजे साडेनऊच्या आसपास. खरं तीस पट असतं तर हे अंतर आठ मिलिमीटर यायला हवं होतं, आणि आठ मिलिमीटरवाल्या भिंगाची काच २१ मिलिमीटर रुंद असूच शकत नाही, असलीच तर वाटाण्याएवढी. म्हणजे कवचावर जे कोरलंय ती सरळसरळ थाप आहे. विक्रेत्याला लिहिलं, तर ‘पुढच्या खरेदीवर ५० रुपये सूट’ असं उत्तर आलं.

रागाने परत पाठवणार होतो. पण किड्यांसाठी दहा पटच बरं, हे वापरल्यावर कळलं. दहा पटींचं भिंग किड्यापासून इंचभर लांब राहतं. तीस पटींचं नाकाला टेकवावं लागलं असतं, आणि माझा टिंबवाला निघाला उड्या मारणारा हिरवा तुडतुडा, तो काही तेवढा वेळ बसून राहत नाही. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू जवळ आणायची, एवढी सवय मात्र करावी लागते. सिनेमातल्या फौजदारासारखं हात लांब करून धराल तर काही दिसणार नाही.

माझी पद्धत सांगतो. गोळ्यांच्या पारदर्शक डबीत किडा घ्यायचा, डबी चार मिनिटं बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, मग तो गारठतो आणि मिनिटभर निवांत बघू देतो. घरात यावरून काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

पहिली गोष्ट पायांची. आमच्याकडे भातावर उडी मारणारं जे काही बारीक असेल ते सगळं ‘तुडतुडे’. पण भाताचं खाचर जाळल्यासारखं करतो तो तपकिरी तुडतुडा आणि माझ्या काचेवरचा हिरवा, ही दोन वेगळी कुळं आहेत. तपकिऱ्याच्या मागच्या पायाच्या नळीला टोकाशी एक हलणारं पातं असतं. हिरव्याच्या नळीवर कंगव्याच्या दात्यांसारख्या काट्यांच्या रांगा असतात, वरपासून खालपर्यंत. साध्या डोळ्याला हे दिसणं शक्यच नाही, आणि या भिंगात पहिल्याच दिवशी दिसलं. माझे पैसे तिथेच फिटले.

दुसरी गोष्ट डोक्याची, आणि खरी मजा तिथे आहे. पट्टीवर ठेवून बघितलं तर किडा चार-पाच मिलिमीटरचा. काहींच्या पंखाचं टोक काळंभोर आणि पंखाच्या मध्यावर एक काळा ठिपका. हे नर. माद्या बहुतेक नुसत्या हिरव्या, टोकाशी फिकट. नर वेगळे काढून त्यांचे माथे बघत बसलो, तर दोन प्रकार निघाले. एकाचा माथा कोरा, नुसता पोपटी. दुसऱ्याच्या माथ्याच्या कडेने एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत काळी पट्टी, काजळाची रेघ ओढावी तशी. रेघवाला म्हणजे, शास्त्रीय नावाने, नेफोटेटिक्स निग्रोपिक्टस. त्याचं नाव स्वीडनच्या स्टोल यांनी १८७० मध्ये ठेवलं. निग्रोपिक्टस म्हणजे काळ्याने रंगवलेला. कोरा तो नेफोटेटिक्स व्हिरेसेन्स, त्याचं नाव डिस्टंट यांनी १९०८ साली ठेवलं. जुन्या लेखांत याच कोऱ्याला ‘इंपिक्टिसेप्स’ म्हणत, म्हणजे डोकं न रंगवलेला. १९७१ मध्ये घौरी यांनी या गणाची नव्याने मांडणी केली, तेव्हा नावांचा गुंता सुटला. मला जुनंच नाव आवडतं, कारण ओळखायची खूणच त्या नावात आहे.

हा काही पक्का निकाल नाही, हेही सांगून ठेवतो. तज्ज्ञ मंडळी नराचं जननेंद्रिय काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरचे काटे बघतात, ते या भिंगाचं काम नव्हे. माद्यांच्या बाबतीत तर मी हात जोडले. पण नर असेल आणि रेघ स्पष्ट असेल, तर मी आता नाव घ्यायला कचरत नाही.

मग गेलो अण्णांच्या खाचरावर. अण्णा म्हणजे माझे चुलते, इंद्रायणी लावतात. बांधावर हरळी आणि भातासारखंच दिसणारं पाखड माजलेलं. डबी घेऊन दोन संध्याकाळ बसलो. बांधाच्या गवतावर अकरा नर सापडले, त्यातले नऊ रेघवाले. भाताच्या चुडांत सात, त्यातले सहा कोऱ्या माथ्याचे. एवढ्याशा मोजणीवरून सिद्ध काही होत नाही, पण पुस्तकातलं गणित हेच आहे: कोरा जवळपास भातालाच धरून असतो आणि रेघवाल्याचं बस्तान गवतात, तिथून तो भातातही येतो-जातो. रोपं पिवळी पाडून खुजी करणारा टुंग्रो रोग पसरवण्यात कोरा जास्त तरबेज. फिलिपिन्समध्ये १९६५ साली रिव्हेरा आणि ऊ यांनी हा रोग तुडतुड्यातून पसरतो असं दाखवलं, ते याच कोऱ्यावर.

अण्णा म्हणाले, “पोरा, मग बांधावर औषध मारू का नको?” मी म्हटलं, “अण्णा, आधी हे बघा.” रेघवाल्यांपैकी एकाच्या पोटाला बाजूने एक तांबूस-काळी पिशवी लोंबत होती, डाळीच्या चुरीएवढी. तुडतुड्यावर वाढणाऱ्या ड्रायनिड नावाच्या गांधीलमाशीच्या अळीची ती पिशवी. मादी पुढच्या पायांच्या चिमट्याने तुडतुडा पकडते, आत अंडं घालते, आणि अळी अशी अर्धी बाहेर राहून त्याला आतून खाते. अण्णांनी भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाले, “राहू दे बांध.” तुडतुड्यांचे वैरी गवतातच वाढतात, हे मी सांगण्याआधी त्यांना उमजलं होतं. त्यांनी बघितलं ते डोळ्याने, माझं ऐकून नव्हे.

आणखी एक गंमत. डबीत शुद्धीवर आलेला तुडतुडा मागचे पाय पंखांवरून घासत राहतो, आपण तेल चोळतो तसं. शरीरात तयार झालेले ब्रोकोसोम नावाचे कण तो अंगभर माखत असतो, त्यामुळे पाणी अंगावर टिकत नाही. कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, म्हणजे हे भिंग खरोखर तीस पटींचं असतं तरी दिसले नसते. पण चोळणं दिसतं. चालणंही बघण्यासारखं: हात जवळ नेला की पानाच्या पलीकडच्या बाजूला खेकड्यासारखा तिरका सरकतो.

बंगालमध्ये कालीपूजेच्या सुमारास दिव्यांवर येणाऱ्या या हिरव्यांना श्यामापोका म्हणतात. आपल्याकडेही दिवाळीच्या आगेमागेच त्रास जास्त. भात पिकत आलं की हे उजेडाकडे वळतात आणि माझ्या काचेवर मरतात.

दोष लिहितो. काच ज्या स्क्रूवर फिरते तो तिसऱ्या आठवड्यात सैल झाला, चष्म्याच्या पेचकसाने आवळला, परत सैल होतोय. रेक्झिनच्या पाकिटाचं बटण दुसऱ्या दिवशी गेलं. गळ्यात अडकवायला भोक नाही, शेतात वाकलं की खिशातून पडतं, एकदा चिखलातून काढलं. आणि उघडं भिंग उन्हात गाडीच्या सीटवर ठेवू नका. माझ्या सीटला बारीक जळकं भोक पडलंय.

सराफी किंवा नोटा तपासण्यासाठी घेणार असाल तर कोरलेल्या आकड्यावर जाऊ नका, कागदावर चित्र पाडून स्वतः मोजा. किडे, गवताची फुलं, भाताची लोंबी बघायला घेणार असाल तर बिनधास्त घ्या, दहा पट समजून.

पाचपैकी तीन तारे. एक थापेचा कापला, एक स्क्रूचा.