जुना फोटो घ्यावा की पेंटिंग?

जुन्या बेसबॉलच्या कलेक्टर लोकांत दोन गट आहेत, एकाला चार्ल्स कॉनलनसारख्यांचे ओरिजिनल फोटो हवेत आणि दुसऱ्याला ग्रेग क्राइंडलरची ऑइल पेंटिंग्ज.

फोटोची बाजू सोपी आहे. कॉनलन पेपरात प्रूफरीडर, फावल्या वेळात मैदानावर कॅमेरा घेऊन जायचा, आणि त्या काळचा स्टार खेळाडू टाय कॉब तिसऱ्या बेसवर धूळ उडवत स्लाइड करतोय तो जगप्रसिद्ध फोटो त्याचाच. पुरावा म्हणून फोटोला तोड नाही. पण रंग? ते नाहीतच.

इथंच क्राइंडलर भाव खाऊन जातो, कारण तो नुसतं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंग भरत नाही, त्या दिवशी हवा कशी होती, ऊन कुठून येत होतं, युनिफॉर्मचा निळा नेमका कुठला, मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीचा रंग काय, हे सगळं खणून काढतो आणि मगच रंगवतो, म्हणून जाणकार लोकही चित्राला नाक लावून बघत बसतात. निग्रो लीगच्या (वर्णभेदाच्या काळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची वेगळी बेसबॉल लीग) खेळाडूंची त्याने 200 हून जास्त पोर्ट्रेट्स केली, 2020 मध्ये कॅन्सस सिटीच्या म्युझियममध्ये लागली होती, लीगची शंभरी होती ना. ज्यांचे धड फोटोही फारसे नाहीत असे चेहरे त्यात माणसासारखे समोर येतात.

अर्थात कितीही अभ्यास केला तरी काही रंग अंदाजानेच येणार, त्यामुळे कागदोपत्री खरेपणा हवा असेल तर फोटोच घ्या. मला विचाराल तर भिंतीवर पेंटिंग. (परवडलं तर हो!)